राजीखुशीने

किबोंडोच्या वाटेवर, निलगिरीच्या विरळ सावलीत
माझं टेबल आहे. एक पाय आखूड,
खाली वीट.
काम तसं सोपं: किरुंडीत विचारायचं,
इंग्रजीत लिहायचं,
मध्ये स्वतःचं काही सांडू द्यायचं नाही.

प्रश्न सातवा:
आपण राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय,
परत जात आहात काय?
पुढे एक चौकोन.
मक्याच्या दाण्याएवढा.

बुकुरू आली दुपारी, उन्हं कलायच्या आत.
जुळ्यांतल्या थोरलीचं हे नाव आमच्यात;
ऐकणारा आपसूक विचारतो, आणि धाकटी?
मी विचारलं नाही.
अर्जात तसा रकाना नव्हता.

मी म्हटलं, राजीखुशीने?
ती म्हणाली, रविवारचा बाजार कुणी मोडला?
मी म्हटलं, मावशी, हो की नाही तेवढं सांगा.
ती म्हणाली, काबुराची सायकल नेली,
माझा भाचा, केळी विकून विकून घेतलेली.
शिधा वाटणारा आता मापावरून पट्टी फिरवतो,
घेवड्याचे वरचे चार दाणेही पाडून घेतो.
आणि भिंतीवर तुमचा कागद: गुरुवारी बस.
ह्यातलं राजी कोणतं, खुशी कोणती,
तू शिकलेला आहेस, सांग.

मी पेन खाली ठेवलं.
परत उचललं. रोजंदारीवर आहे मी.

मग तीच विचारत सुटली.
आमच्या टेकडीवर
(पत्ता म्हणजे टेकडी आमच्याकडे, गल्ल्या नसतात)
कॉफीची एकशे बारा झाडं, यंदा फळं कुणी खुडली?
दाराला कुलूप आहे ते कुणाचं?
आणि ज्यानं त्या रात्री नावं वाचली,
टॉर्चच्या उजेडात, चष्मा लावून, सावकाश,
एकही उच्चार न चुकता,
तो अजून चर्चमध्ये पहिल्याच बाकावर बसतो का?
मी परतले तर त्यानं मला ओळख द्यायची,
की मी त्याला?

चौकोनात ह्यातलं काही मावेना.
मी समासात लिहू लागलो:
कॉफी, ११२. कुलूप. चष्मा.
समास संपला.

साहेब मागून वाकले. साहेब भले आहेत,
पोरांसाठी खिशात गोळ्या असतात त्यांच्या.
म्हणाले, रिकामा चौकोन पुढे जात नाही.
म्हणाले, आजचा आकडा एकतीस आहे, तीस झालेत.

बुकुरूनं शाईचं पॅड ओढलं,
अंगठा टेकवला. निळाशार झाला.
मला वाटलं, संपलं.
तिनं तो कमरेच्या कापडाला पुसला,
हाताचं पीठ पुसावं तसा.

"उपाशी माणसाला, जातोस का, असं विचारू नये.
माप पुरतं भर. सायकल दे.
काबुराला पाठव, डोळ्यांनी बघून येऊ दे
झाडं, कुलूप, तो बाक.
आणि बघून आलेल्याला परत इथे शिरू दे.
मग मला विचार.
तेव्हा मी कदाचित नाही म्हणेन.
कदाचित तुझ्या बसच्या आधी पायी निघेन.
दलदलीच्या काठाशी थांबून
मला बुतोयीला सांगायचंय, मी आले.
कुणी धाडली म्हणून नाही."

गुरुवारी बस गेली.
एकतिसाव्या सीटवर कुणाची तरी गादी,
दोरीनं बांधलेली, खिडकीकडे तोंड करून.
धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

संध्याकाळी झोपडीत मी माझा अर्ज काढला,
आठ महिन्यांपूर्वीचा, चार घड्या.
नाव माझ्याच अक्षरात,
सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं सुवाच्य.

बाहेर बुकुरू वाफा खणत होती,
रताळ्याचे वेल लावायला.
विचारलं, किती दिवसांत येतात?
चार महिने, ती म्हणाली,
आणि एक वेल माझ्या अंगणात फेकला.